नऊ दिवसांच्या बश्या

१४ ऑक्टोबर, सोमवार. नळाला पाणी अर्धा तास उशिरा. जाऊबाईंचा गुडघा जरा बरा. प्रयोगशाळेत एकशे वीस बश्या मोजल्या. शुक्रवारी निवृत्ती. त्या दूरच्या संशोधक मुलीचं पत्र तिसऱ्यांदा आलं. सरांनी ते पेपरवेटखाली सरकवलं. डोकं दुखलं, गोळी घेतली नाही.

एवढं लिहून चिमटाबाईंनी पेनाला टोपण लावलं. खरं नाव अर्थातच वेगळं होतं. पण तेहतीस वर्षं चिमट्याने काचेच्या बशीतला एकेक दाणा उलटवणाऱ्या बाईला प्रयोगशाळेत दुसरं काय म्हणणार? बशीत शंभर दाणे. काहींना साधं पाणी, काहींना खारं. पाणी सुरुवातीला एकदाच घालायचं, झाकण ठेवायचं, मग किती रुजले ते रोज सकाळी मोजून वहीत लिहायचं. खाऱ्या जमिनीत कोणतं वाण तग धरेल, हे सर त्या आकड्यांवरून ठरवत.

"दाणे मोजून मोजून डोळे गेले तुझे," जाऊबाई पलंगावरून म्हणाल्या. "मूठभर तरी कधी घरी आणलेस? कुंडीत काहीतरी उगवलं असतं."

"ते सरकारी दाणे आहेत, ताई."

"बरं, दाणे सरकारी. मग तुझ्या त्या वह्या कोणाच्या?"

चिमटाबाईंनी वही मिटली. दुखणं नेमकं तिथेच होतं. एक्केचाळीस वह्या सरांच्या कपाटात होत्या आणि किल्ली सरांच्या खिशात. त्या मुलीच्या भागात समुद्राचं पाणी शेतात शिरू लागलं होतं. सरांच्या छापील लेखातली सरासरी तिला पुरत नव्हती, रोजचे मूळ आकडे हवे होते. सर तसे देवमाणूस. यजमान दवाखान्यात होते तेव्हा उशिरा येणाऱ्या बाईंना त्यांनी एकदाही घड्याळ दाखवलं नाही. पण वह्यांचा विषय निघाला की "बघू" म्हणून मोकळे होत.

मंगळवारी बाईंनी धीर केला. "सर, त्या मुलीला वह्या देऊन टाका ना. मी गेल्यावर त्या धूळच खाणार."

"तुम्हाला ठाऊक नाही, बाई. लोक चुका शोधायला टपलेले असतात. एक सापडली की सगळ्या कामावर पाणी."

चूक हा शब्द बाईंना नेमका लागला. कारण एक चूक होती, आणि ती त्यांचीच होती. बावीस वर्षांपूर्वी, यजमानांच्या शेवटच्या दुखण्यात, दवाखान्यातून थेट कामावर येऊन त्यांनी दोन थाळ्यांतल्या बश्यांवर चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्या. साध्या पाण्यावर 'खारं', खाऱ्यावर 'साधं'. नऊ दिवस तसेच आकडे लिहिले. दहाव्या दिवशी 'साधं' लिहिलेल्या बशीच्या काठाला मिठाची पांढरी कड दिसली आणि घोटाळा कळला. चिठ्ठ्या बदलल्या, पण वहीतले आकडे तसेच राहिले. नोकरी हंगामी, घरात आजारी माणूस. तोंड उघडायची छाती झाली नाही. लहानपणी मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत शिकवलं होतं की चूक खरवडायची नाही, एका रेघेने खोडायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही वाचता येतं. ती रेघ तेवढी मारायची राहून गेली.

आता गप्प राहिलं तर शुक्रवारी मानाने निरोप मिळणार होता. बोललं तर तेहतीस वर्षांवर डाग. आणि वह्या मात्र कपाटातच कुजणार.

बुधवारी त्यांनी किल्ली मागून घेतली, ती वही काढली आणि पान उघडून सरांपुढे ठेवली. "ही चूक माझी, सर," म्हणाल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ह्याच नऊ दिवसांपायी मी कपाटाला कुलूप लावून बसलोय," ते म्हणाले. "खाऱ्या पाण्यात जास्त दाणे कसे रुजतील? आकडे पटेनात. मी ते लेखातून गाळले, त्या बश्यांतलं वाणही सोडून दिलं. आणि गाळले हे कुठे लिहिलं नाही. वह्या उघडल्या की कोणीतरी विचारणारच. बाई, अहो, आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

सरांना हसू फुटलं. "म्हणजे बावीस वर्षं आपण दोघं एकाच उंदराला भीत होतो!"

"आता काय करायचं?"

"आता तुमची ती रेघ मारा."

बाईंनी रेघ मारली, शेजारी खरे आकडे, तारीख आणि सही. सरांनीही एक पानभर लिहिलं: काय गाळलं, का गाळलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत संगणकावरच्या पोरींनी सगळी पानं स्कॅन करून संस्थेच्या संकेतस्थळावर टाकली. कोणीही उघडावीत, परवानगी नको. पहिल्याच पानावर 'मोजणी' म्हणून चिमटाबाईंचं पूर्ण नाव होतं. निरोपाच्या भाषणातलं त्यांना काही आठवत नाही. ते पान मात्र दिसतं.

फेब्रुवारीत एका दुपारी सर तीन जिने चढून धापा टाकत घरी आले. हातात त्या मुलीच्या पत्राची छापील प्रत.

"मला वाचून दाखवा हो," जाऊबाई म्हणाल्या. "हिचं काय, ही नुसती रडेल."

सरांनी वाचलं. उलटे आकडे सुलटे केल्यावर सोडून दिलेलं ते वाण खाऱ्या पाण्यातही शंभरात बासष्ट रुजलेलं दिसलं होतं. मुलीने संस्थेकडून बी मागवून ते समुद्राकाठच्या तीन शेतांत पेरलं होतं आणि रोपं उभी होती. शेवटी लिहिलं होतं, 'बाईंनी चूक वाचता येईल अशी ठेवली, म्हणून बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसला. त्यांना माझा नमस्कार सांगा.'

"प्रयोगशाळेत शेजारच्या खोलीतल्या दोघांच्या मागे लागलोय, तुमच्याही वह्या उघडा म्हणून," सर चहा घेताना म्हणाले. "एकाने कपाट उघडलं. दुसरा अजून 'बघू' म्हणतो."

"कोणाकडून शिकला, ते कळलं," जाऊबाई म्हणाल्या.

बाईंना सरांचे आभार मानायचे होते, त्या न दाखवलेल्या घड्याळापासून आजवरचे. शब्द सापडेनात, म्हणून त्यांनी कपात आणखी चहा ओतला. सरांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

संध्याकाळी त्यांनी वहीत लिहिलं: ११ फेब्रुवारी, मंगळवार. सर येऊन गेले. नमस्कार पोचला. गॅसचा नवा सिलिंडर साडेचारला लावला.