वैशालीच्या बोर्डावर वैशालीच घावंना

वैशालीला तिच्याच श्रद्धांजलीच्या बोर्डावरून मी हाकललं. मीच.

काल तिचा दहावा झाला. आज दुपारपासून दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलोय. ज्याला शिव्या द्यायच्यात त्यानं खुशाल द्याव्यात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाटोद्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वैशाली माझ्याकडं डिझाइन करायची. वाढदिवस, निवड, लग्न, श्रद्धांजली, तालुक्यातला निम्मा चौक तिच्या हातचा. डेंग्यूनं गेली. ताप अंगावर काढला पोरीनं.

तिला एक खूळ होतं.

काम नसलं की कम्प्युटरवर सिनेमाची पोस्टरं उघडायची आणि त्यातले बापे पुसायची. हिरो, व्हिलन, हिरोचा दोस्त, सगळे. जी बाई उरायची तिला मात्र जागची हलवायची नाही.

काय उरायचं? कोपऱ्यात अर्धा चेहरा. कुणाच्या तरी खांद्यावर ठेवलेला हात, आणि खांदाच गायब. बाकी सगळं रिकामं.

मी म्हणलं, "वैशे, कशाला डोकं खपवती? पिच्चर हाय तो. टाइमपास."

तर म्हणाली, "दादा, माझी आई ऊस तोडती. नवऱ्याच्या बरोबरीनं तोडती. वर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढती. आन पिच्चरमधी शेतकऱ्याची बायको काय करती? नवी साडी नेसून भाकरी घेऊन येती. बास. त्याच्या म्होरं हाय का ती कुठं?"

मग मी हसलो. उत्तर आलं नाही की आपण हसतो.

फ्लेक्सच्या उरलेल्या तुकड्यांवर तिनं ती पोस्टरं छापली आणि महिला दिनाला स्टँडजवळच्या भिंतीला लावली.

पोरं खिदळली, "हिरोच गायब बे!"

पण कॉलेजच्या पोरी थांबून बघत होत्या. एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. "ही बघ ना, हिचा तर नुसता हातच हाय."

वैशालीला तेवढंच लई वाटलं. त्या दिवशी सगळ्या दुकानाला स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

आता माझी अक्कल ऐका.

ती गेली त्याच संध्याकाळी फोन सुरू झाले. "चौकात बोर्ड लागला पाहिजे. मोठा." आमच्याकडं माणूस गेलं की रडायच्या आधी बोर्ड. फाइल तयारच असते. वर नेत्यांची पट्टी, मधी गेलेलं माणूस, खाली शोकाकुलांचे गोल गोल फोटो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येत गेले.

"माझा बी टाक."

"साहेबांचा मोठा घे, न्हाईतर नाराज होतील."

"चुलत्याचा राहिला की!"

सगळे वाढदिवसाच्या बोर्डावरचेच फोटो. गॉगल लावलेले, कानाला मोबाइल, दात काढून हसलेले. म्हणे शोकाकुल!

एकेक आला की मी वैशालीला जरा बारीक करायचो. वर जागा लागली, हिला जरा खाली. खाली लागली, हिला जरा बाजूला. डोळ्यांत पाणी होतं माझ्या, खोटं नाही सांगत. पण हाताला सवय पडलेली, तो आपलं काम बिनबोभाट करत राहिला.

आणि शोकाकुलांत माझाही फोटो टाकला. गॉगलवाला.

बोर्ड लागला. लोक म्हणाले, झकास झाला.

आज वैशालीची आई दुकानात राहिलेली लेकीची पिशवी आणि डबा न्यायला आली. मी तिला सोडायला चौकापर्यंत गेलो. बोर्डाखाली ती थांबली. तिला वाचता येत नाही, फोटोच बघत होती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बाबा, ह्यो कुणाचा बोर्ड हाय?"

"मावशी... आपल्या वैशूचा."

"मंग ती कुठं हाय?"

मी बोट दाखवलं. तिनं डोळे बारीक केले, मान वाकडी केली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "लई बापे हायेत बाबा. म्हणून घावली न्हाई."

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

तिथंच शिडी मागवली. बोर्ड उतरवला. "आरं, साहेबांचा फोटो हाय त्याच्यावर!" म्हणून बोंब झाली. होऊ दे. अजून फोन येतायत. घेत नाही.

दुकानात येऊन फाइल उघडली. साहेब काढले, चुलते काढले, मला काढलं. कोपऱ्यात एकटी वैशाली राहिली. म्हणलं, आता हिला अख्ख्या बोर्डभर मोठी करू.

मोठी केली तर फोटो फाटला. नुसते चौकोन चौकोन. डोळा कुठला, नाक कुठलं, कळंना.

तिचा एकच फोटो होता, दुकानात मीच काढलेला. त्याला बारीक करून मी त्याच्यावरच सेव्ह मारलं होतं, मोठा होता तो गेला; मोबाइलमधला तर कधीच उडवला होता. अख्ख्या तालुक्याचे चेहरे आमच्या कम्प्युटरमध्ये पडलेत, आणि हिचा नाही. तिच्या मोबाइलचं लॉक कुणाला माहीत नाही. आईकडं बटनाचा फोन.

कुणाकडं वैशालीचा नीट, मोठा फोटो असेल तर पाठवा. कॉलेजच्या मैत्रिणींनो, तुम्ही तरी बघा. लग्नातला, गॅदरिंगचा, कसलाही चालेल.

खाली कमेंटमध्ये हात जोडून फुलं वाहू नका. फोटो पाठवा.

वैशे, श्रद्धांजली लिहायचं तोंड नाही मला. आधी तू तुझ्या आईला दिसली पाहिजेस. मग लिहितो.