मागच्या गल्लीची वाट

पुंजाराममामांच्या दुकानासमोरून जाणं आम्ही बायकांनी सोडलं, त्याला वर्ष होत आलं. कुणी ठरवून सोडलं नाही. गारखेड्यात आमच्या कॉलनीच्या चौकात ते दोन मजली, गारेगार दुकान उघडलं आणि पंधरा दिवसांत घरोघरी त्याच्या पिशव्या दिसायला लागल्या. घरी यायचा सरळ रस्ता मामांच्या दुकानावरून. पिशवीवरचं नाव तर एवढं मोठं, की मोतीबिंदू झालेल्यालाही वाचता यावं. मग आम्ही मागची गल्ली धरली. लांबचा वळसा, वर कुत्री, तरी तिथूनच. तीस वर्षं शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि साठीला आल्यावर मी दोन किलो साखर चोरासारखी घरी आणायला लागले.

मामा मूळचे करमाडचे. शेती भावाकडे सोपवून तरुणपणीच शहरात आले आणि एका गाळ्यात किराणा दुकान थाटलं. त्यांच्याकडे पावशेर रवा आणायला गेलेली बाई अर्ध्या तासानं परत यायची, आणि कधीकधी रवा तिथंच विसरून यायची. कुणाच्या घरी ताप आहे, कुणाच्या मुलीला बघायला येणार आहेत, सगळं त्यांना ठाऊक. एखादी बाई आठ दिवस दिसली नाही, तर तिच्या शेजारणीला विचारायचे.

पण त्यांची खरी करामत म्हणजे काळा मसाला. कॉलनीतल्या तीस-चाळीस घरांचं मसाल्याचं प्रमाण त्यांना तोंडपाठ होतं. आमच्याकडे नागकेशर थोडं जास्त. समोरच्या मंजुषाकडे खोबरं सढळ आणि लवंगा बेतानं, कारण तिच्या सासऱ्यांना पित्ताचा त्रास. होळी झाली की मामा जुन्या मोंढ्याच्या घाऊक बाजारातून माल आणायचे. त्यांची बायको भागूबाई तो गच्चीवर उन्हात घालायची, निवडायची, आणि मग प्रत्येक घराचं वेगळं गाठोडं बांधून त्यावर नावाची चिठ्ठी लागायची. यादी कुणी द्यायचं नाही, आणि यंदा देऊ का असं मामाही कधी विचारायचे नाहीत. आपण जायचं, गाठोडं उचलायचं आणि कांडपाला न्यायचं.

यंदाही त्यांनी कुणाला विचारलं नाही. मी मात्र जानेवारीतच चौकातल्या दुकानातून तयार मसाल्याची पाकिटं आणली होती, दोनावर एक फुकट. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तेही त्या पाकिटांना जमलं नव्हतं. आमटीत तीन चमचे घातले तरी मुकुंद, म्हणजे माझा नवरा, विचारायचा, ‘आज मसाला संपला का?’

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भागूबाई आली. बाकीच्या बायका तिच्याशी जरा जास्तच गोड बोलल्या. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. सगळ्या गेल्यावर ती आंब्याच्या डाळीची वाटी हातात धरून तशीच बसून राहिली.

“गाठुडी तशीच पडल्यात, वहिनी,” ती म्हणाली. “एकबी घर आलं नाय.”

मी तिच्या वाटीत आणखी डाळ वाढली.

“सुदर्शन म्हणतोय, गाळा भाड्यानं देऊन टाकू. हे म्हणले, आखितीपर्यंत थांब. मसाल्याला घरं आली तर दुकान चालवू, नाय तर शटर खाली.”

सुदर्शन हा त्यांचा मुलगा, शेंद्र्याच्या कंपनीत आहे. अक्षय्य तृतीयेला दोन आठवडे उरले होते.

“मग मामा कुणाला सांगत का नाहीत?”

“सांगून आणायचं व्हय गिऱ्हाइक? यायचं असंल तर आपल्या पायानं येतंय.”

ती गेल्यावर मी तडक मंजुषाकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिचे डोळे भरले, पण ती म्हणाली, “ताई, आता कुठल्या तोंडानं जायचं? वर्षभर त्यांच्यासमोर उभी राहिले नाही.” आणखी चार घरी हेच ऐकलं. तेव्हा कुठं मला कळलं, की स्वस्ताईनं आम्हाला चौकात नेलं खरं, पण मामांकडे परत जाऊ दिलं नाही ते लाजेनं. सवलत संपली असती. लाज कशी संपणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मनाचा हिय्या करून मी एकटीच गेले. दुकानात शिरताच धने, दगडफूल आणि मिरच्यांचा वास आला आणि मला सासूबाईंची इतकी आठवण झाली, की क्षणभर कशाला आले तेच विसरले.

“या वहिनी,” मामा म्हणाले, जणू मी कालच येऊन गेले होते. फळीवरून त्यांनी आमचं गाठोडं काढलं. चिठ्ठीवर अजून ‘काकू’ असंच लिहिलेलं. मामा माझ्या सासूबाईंना काकू म्हणायचे; त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. मामांनी गाठ सोडली, नागकेशर तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरलं. “यंदा लई चांगलं मिळालं.”

“द्या,” मी म्हणाले. “आजच कांडपाला टाकते.”

त्यांनी गाठोड्यावरून नजर वर केली. “घरात मसाला असंल ना, वहिनी?”

संपलाय म्हणणार होते, पण मान होकारार्थी हलली.

“मग ऱ्हाऊ द्या. पडून पडून वास जातो ह्याचा.” त्यांनी गाठोडं सावकाश पुन्हा बांधलं. रागावले असते तर बरं झालं असतं. मला ते रागावायलाच हवे होते. मग खाली बघतच ते म्हणाले, “अन् एक सांगू? मागल्या गल्लीनं येत जाऊ नका. गटाराचं झाकण फुटलंय तिथं. परवा तुमच्या कॉलनीतल्या शिवराजची आई पडता पडता वाचली. समद्यांना सांगा, म्हणावं समोरून जावा. मी भिंतीकडं तोंड करून बसत जाईन.”

मी सगळ्यांना सांगितलं.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी मी चौकातून पिशवी घेऊन निघाले आणि वर्षभरानं पहिल्यांदा समोरच्या रस्त्यानं आले. मामांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली होती. रस्त्याकडे पाठ करून ते सुपातली डाळ निवडत बसले होते. माझ्या पुढं मंजुषा गेली, तिच्या पुढं आणखी दोघी, सगळ्यांच्या हातात त्याच पिशव्या. मी दुकानासमोर थांबले. एकदा वळून त्यांनी ‘काय वहिनी’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं. माझी सावली त्यांच्या भिंतीवर पडली होती, ती त्यांना दिसली असणारच. ते डाळ निवडत राहिले, मी पुढं निघेपर्यंत.