मागावरच्या बायांची मुकी बोली

सुंदरम्माची बत्तीस वर्षं सोलापुरात यंत्रमागावर गेली. कारखान्यात खडखडाट असा, की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. मग बाया हातांनीच बोलायच्या. दोन बोटं जोडून झटक्यात फाकवली, की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला, की चहा. भुवई वर गेली, की मुकादम आला. सासवांची गाऱ्हाणीसुद्धा अशीच निघायची, अन् मुकादमाला त्यातलं काडीचं कळायचं नाही.

नात वैष्णवी कबड्डीच्या संघाची कप्तान झाली, तेव्हा सुंदरम्मा एकदा सराव बघायला गेली. येताना वाटेत म्हणाली, "काय गं, चोराला सांगून धरतीस व्हय? तू 'धर!' म्हणून बोंबलतीस, अन् चढाईला आलेली पोरगी सटकती की!"

"मग न बोलता सगळ्यांना कळणार कसं, अव्वा?" वैष्णवी रडकुंडीला आली होती. लागोपाठ तीन सामने असेच गेले होते. बार्शीतला हरला तर कप्तानी दुसरीला, असं सरांनी बजावलं होतं.

"हातात हात धरून हुब्या ऱ्हाता न्हवं? मग तोंड कशाला पायजे?"

दुसऱ्या दिवसापासून अंगणात सात पोरींची साखळी उभी राहिली. हात एकदा दाबला तर थांब, दोनदा दाबला तर धर. पहिले चार दिवस पोरी नुसत्या खिदळल्या. एकीला तर गुदगुल्याच व्हायच्या. सुंदरम्मा शेजारी बसून पातेलं बडवायची. मागाच्या आवाजाशिवाय ही बोली येत नाही, असं तिचं म्हणणं.

बार्शीत गुण बरोबरीत आणि चढाई शेवटची. समोरची उंच पोरगी कबड्डी कबड्डी करत आत शिरली. बघायला आलेल्या सुंदरम्माच्याच तोंडात 'धर' आला, तसा तिनं पदराचा बोळा कोंबला. वैष्णवी कोपऱ्यात गप्प. तिची बोटं दोनदा आवळली. ते आवळणं या हातातून त्या हातात गेलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. शब्द नाही, हाक नाही. साती पोरी एका अंगानं वळल्या, आणि चढाईवाली मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे आडवी!

लोक उड्या मारत होते. सुंदरम्मा मात्र आपल्याच तळहातांकडे बघत बसली. चहा मागायला अन् सासूला नावं ठेवायला वापरलेली बोली ही. तिच्यात एवढं बळ होतं, आणि हे आपल्याला ठाऊकच नव्हतं!

त्या गलक्यातून वैष्णवीनं तिला हुडकलं आणि अंगठा ओठाला लावला.

सुंदरम्मानं भुवई उडवली. पोरीच्या मागून सर येत होते.