टाचेतली गाठ

कुणाचाही मोजा दिसला की मोजेबाई आधी त्यात हात घालत. शनिवार पेठेत त्यांच्याकडे मी पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले, तर पहिल्याच सकाळी माझा वाळत घातलेला मोजा हातात चढवून त्या टाच चाचपत होत्या. "धुतलेला आहे हो, आजी," मी ओशाळून म्हटलं. "वासाची चौकशी नाही केली मी," त्या म्हणाल्या.

मोजेबाई हे नाव माझंच, मनातल्या मनात ठेवलेलं. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दुपारभर खिडकीशी बसून त्या लोकरीचे मोजे विणायच्या. पुण्यात लोकरीचे मोजे घालतो कोण? ट्रंक भरली की दिसेल त्याला वाटून टाकायच्या. मी वर्ध्याची. "आजी, कोणासाठी विणून राहिल्या?" असं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "राहते इथेच. विणते कुणासाठी, ते विचारू नकोस."

संध्याकाळी हिंजवडीहून कंपनीच्या बसमध्ये दोन-दोन तास रखडत यावं, तर आजी दोन्ही ताटं झाकून बसलेल्या. "तुझी वाट पाहत नव्हते. मला भूक नव्हती," असं वर ऐकवायच्या. मला फार बरं वाटायचं. त्या शहरात माझ्यासाठी खोळंबणारं दुसरं होतं कोण?

एका रविवारी त्यांनी आपणहून सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात त्या बारा वर्षांच्या होत्या. खडकीला काडतुसं बनत होती, बायका मलमपट्टीच्या गुंडाळ्या करत होत्या, आणि शाळेत मुलींना सैनिकांच्या मोज्यांसाठी खाकी लोकर वाटली होती. बाईंची सक्त ताकीद एकच: लोकर तुटली तर गाठ मारायची नाही, टोकं विणून घ्यायची. गाठ बुटात टोचते.

"माझा जोड वर्गात पहिला व्हायला हवा होता. टाचेवर लोकर तुटली. मी गाठ मारली आणि गप्प बसले. बाईंनी शाबासकी दिली, गठ्ठा शिवून टाकला." हातातल्या मोज्याची टाच चाचपत म्हणाल्या, "मैलोन्मैल चालला असेल गं तो. पुण्याने लढाईला काडतुसं दिली. मी एकाला फोड दिला."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. साठ वर्षं ही बाई एका अनोळखी माणसाच्या पायाशी बसून होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढे कंपनीने मला अमेरिकेला पाठवलं. निघताना त्यांनी राखाडी मोज्यांचा जोड हातात ठेवला. डोळे अधू झाले होते, बोटंही बधिर. तरी माझ्यादेखत तीनदा आतून हात फिरवला. "तिथे चालून बघ आणि कळव. खरं सांग."

पहिल्या बर्फात ते घालून मी ऑफिसपर्यंत चालत गेले. डाव्या टाचेत गाठ होती. पोचेपर्यंत कातडी सोलून निघाली.

रविवारी फोन लावला. "खुपतं का?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"काही नाही, आजी. लोण्यासारखे मऊ आहेत."

मग म्हणाल्या, "बरं झालं बाई. आता सुया ठेवून देते."

त्यांनी त्या खरंच ठेवून दिल्या. पुढच्या उन्हाळ्यात शेजारणीने त्या गेल्याचं कळवलं. माझ्या मोज्यात हात घालणारं आता कुणी नाही.

बर्फ पडलं की मी तो जोड घालते. गाठ कापली तर टाच उसवेल, म्हणून ती तशीच आहे. चालताना टोचते, आणि मी अजूनही म्हणते, काही नाही, आजी.