मेलेल्यांनी चहाला उठायचं नाही

कंपनीतले किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. मशीनखाली लोखंडाचा कीस साठतो तसे ते साठतात. रोज झाडा, उद्या परत तेवढेच! आमच्या पिंपरीच्या कंपनीत निम्मे किस्से एकाच माणसाचे निघायचे. ते म्हणजे आमचे सिक्युरिटी ऑफिसर, जगदाळे सुभेदार. गाव साताऱ्याकडचं, उमेदीची सगळी वर्षं पलटणीत गेलेली, मिशा कायम अटेन्शनमध्ये. मी मेंटेनन्समध्ये फिटर. त्यांनी उभ्या केलेल्या बचाव पथकात माझं नाव होतं, त्यामुळे बरंचसं डोळ्यांदेखत घडलेलं.

एकाहत्तरची लढाई तोंडावर आलेली. काचांना काळे कागद लागले आणि सुभेदारांनी ड्रिल लावलं. भोंगा वाजला की बॉम्ब पडला असं समजायचं. छातीवर लाल फीत तो मेलेला, पांढरी फीत तो जखमी. मेलेल्यांनी शॉपच्या मागच्या मैदानात गप पडून राहायचं.

भोंगा वाजला. मेलेले मेले. जखमी कण्हायला लागले, काही तर जरा जास्तच! सुभेदार खूश. तेवढ्यात कँटीनची घंटा झाली आणि मैदानातले सगळे मेलेले एकदम उठून चालायला लागले.

"मेलेल्यांनो, जागेवर!" सुभेदार गरजले.

सगळ्यात पुढे टर्नर कांबळे, पिंपरीचाच. तो थांबला, सॅल्यूट ठोकून म्हणाला, "साहेब, मेलोय कबूल आहे. पण मेलेल्याचा चहा बंद, असं युनियनशी कुठं ठरलंय?"

सुभेदार म्हणाले, "बरोबर आहे. लाईन लावा! जखमी आधी, मेलेले मागून!"

पुढच्या ड्रिलला आमच्या वर्क्स मॅनेजरसाहेबांना हौस आली. त्यांनी स्वतःहून लाल फीत लावून घेतली. थोडा वेळ पडून राहिले, मग कंटाळले, कपडे झटकून सरळ आपल्या गाडीकडे निघाले. सुभेदार आडवे आले.

"साहेब, आपण वारलाय."

"अहो, मला मीटिंग आहे!"

"ती आता दुसऱ्या कोणाला घ्यावी लागेल."

साहेब चिडले, हसले, परत चिडले. सुभेदार हटेनात. शेवटी आम्ही चौघांनी साहेबांना स्ट्रेचरवर घातलं, ऑफिसपुढून मिरवत नेलं आणि गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. ड्रायव्हर नवा होता. तो हळूच मला विचारतो, "भाऊ, घरी न्यायचं का डायरेक्ट…?"

ड्रॉइंग ऑफिसातला बर्वे इंग्रजी पिक्चरचा शौकीन. एकदा पुण्यात कॅम्पात जाऊन असला एक पिक्चर बघून आला, की त्यात मढी उठतात, रस्त्यानं झुलत चालतात आणि जित्या माणसांना खातात! दुपारच्या जेवणात त्यानं तो सगळा करून दाखवला. आमचे डबे तसेच राहिले. मग सुभेदारांकडे वळून म्हणाला, "साहेब, अशी मढी आपल्या चिंचवडात उठली, तर मिलिटरी काय करेल हो?"

आम्हाला वाटलं, सुभेदार हसून सोडून देतील. त्यांनी पेला खाली ठेवला.

"आधी पाण्याच्या टाकीवर पहारा. मग रेल्वे स्टेशन ताब्यात. फलाटावर गर्दी होऊ द्यायची नाही, नाहीतर तिथंच माणसं चेंगरतील. सगळ्यांना घरात बसवायचं. दूध, धान्य, औषध घरपोच, पलटणीच्या गाडीतून. आणि रोज सकाळी गल्लीगल्लीत भोंग्यावरून खरं काय ते सांगायचं. अफवा उठली की अर्धी लढाई गेली!"

"आणि मढ्यांचं काय?" बर्वे म्हणाला.

"त्यांची कसली घाई? ती मेलेलीच आहेत. आधी जित्यांचं बघायचं!"

त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी कँटीनचा कांदा आणायला मी आणि सुभेदार ट्रक घेऊन चाकणकडे गेलो होतो. महाळुंग्याच्या एका शेतकऱ्याकडून माल भरायचा होता. गावात शिरलो तर भर सकाळी दारं बंद! एक गडी तर चिंचेवर चढून बसलेला. त्यानं नुसतं बोट दाखवलं.

रस्त्यानं पाच-सहाजण येत होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफटक. डोळे मिटलेले, हात पुढे, एकमेकांना धरत, धडपडत. राव, खोटं कशाला सांगू, मी ट्रकमधून उतरलो नाही!

सुभेदारांनी उडी टाकली. "थांब! कोण हाय?"

"हमाल हाय साहेब… चुन्याची गाडी उलटली… डोळं गेलं आमचं! पाणी द्या!"

"हात खाली! डोळं चोळू नका!" सुभेदारांनी पहिल्याचं मनगट धरलं आणि सगळ्यांना ओळीनं जवळच्या विहिरीवर नेलं. तोवर माझेही पाय चालायला लागले होते. मी पाणी शेंदत होतो, ते एकेकाच्या पापण्या उघडून धार धरत होते. ओरडणं ऐकून एक दार उघडलं, एक बाई हंडा घेऊन धावली. मग सगळी आळीच आली. आम्ही कांदा तिथंच ठेवला आणि ट्रकमधून सगळ्यांना दवाखान्यात नेलं. सगळ्यांचे डोळे वाचले.

चिंचेवरचा गडी नंतर खाली उतरून म्हणाला, "आमाला वाटलं, मढीच आली. तुमास्नी भ्या न्हाई वाटलं व्हय?"

"मढी पाणी मागत न्हाईत, बाबा!"

आता शेवटचा. हा जरा मागचा, लढाई नुकतीच संपली तेव्हाचा.

सुभेदारांचा एकुलता एक मुलगा, दत्ता, पलटणीत होता. तो लढाईत पडल्याची तार आली. सुभेदार दिवस करायला गावी गेले आणि ते उरकून परत गेटवर हजर झाले. आम्ही भेटायला गेलो, तर म्हणाले, "शिफ्ट सुरू झाली, आत जा." एवढंच. मिशा तशाच.

काही महिन्यांनी, पहिल्या शिफ्टची गर्दी आत शिरत असताना, रस्त्यापलीकडे एक पोरगा दिसला. हडकलेला, काखेत कुबडी, दाढी वाढलेली. कांबळेनं त्याला ओळखलं आणि कांबळेच्या हातातला डबाच पडला. तो दत्ता होता. तार आली होती ती पलटणीतल्या दुसऱ्याच दत्ता जगदाळेची. हा आपला दत्ता लांबच्या मिलिटरी हॉस्पिटलात पडून होता, बरेच दिवस शुद्धीवर नव्हता.

पोरगा कुबडी टेकत गेटपर्यंत आला. आमची सगळी लाईन थांबली.

सुभेदारांनी त्याला पायापासून वरपर्यंत पाहिलं. मग आवाज चढवून म्हणाले, "टोपी कुठाय?"

"हरवली, बाबा."

सुभेदारांनी आपली टोपी काढली, त्याच्या डोक्यावर ठेवली, सरळ केली. मग परत एकदा सरळ केली.

त्या दिवशी पहिल्या शिफ्टला आमच्या गेटवर कोणाचाही पास तपासला गेला नाही.