देशासाठी प्रार्थना आणि मायचं ‘हाव बापा’

निलंग्याच्या स्टँडवर माय एस.टी.च्या खिडकीशी उभी होती आणि मी आत बसून तिला घरी जा म्हणत होतो. ती काही हलेना. लागोपाठ दुसऱ्या साली पावसानं दगा दिला होता. गावात टँकर आला की सगळं गाव घागरी घेऊन पळायचं. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता, नव्या कलेक्टर कचेरीत भरती चालू होती, आणि मला टायपिस्टची ऑर्डर आली होती. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. गाडी सुटताना माय म्हणाली, "जा लेकरा, पोटाला लागतंय ते कर. पर मला तिकडं बोलवू नगं. तिथं माझं कोण हाय?"

हे मी लिहितोय ते गावातल्या आपल्या अकरा ख्रिस्ती घरांसाठी, आणि माझ्यासारखे जे पुण्याला, हैदराबादला गेले त्यांच्यासाठीही. मायला टँकरच्या रांगेत ठेवून पोरगा साहेब व्हायला गेला, असं तुमच्यातलेच काही तेव्हा बोलले. ते मला लागलं होतं, खोटं कशाला सांगू.

दर महिन्याला मी गावी जायचो आणि मायला चल म्हणायचो. खोली घेतली होती, नळाला एक दिवसाआड का होईना पाणी होतं. ती म्हणायची, "पाण्याचं न्हाई रे. तिथल्या देवळातली माणसं शिकलेली. मला त्यांच्यात बोलता यायचं न्हाई." चर्चला आपण देऊळच म्हणतो, आणि देवळात जाता येणार नसेल तर मायला ते गाव काय कामाचं?

तिचं अगदीच चूक नव्हतं. लातूरच्या देवळातल्या मंडळीत इस्त्रीचे शर्ट आणि पुस्तकातली मराठी. एक निवृत्त गुरुजी तर मी ‘लई’ म्हटलं की हळूच ‘खूप’ म्हणून सुधारायचे. सहा महिन्यांत मीही सुधारलो. इतका की गावी गेलो की शेजारची काकू म्हणायची, रेडिओ आला.

त्या साली श्रावणही कोरडा चालला होता. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात देशासाठी प्रार्थनासभा घ्यायचं मंडळीनं ठरवलं. कचेरीतले माझ्या शेजारच्या टेबलाचे भाऊसाहेब म्हणाले, "तुमच्यात असतो का हो पंधरा ऑगस्ट?" मनात वाईट काही नव्हतं त्यांच्या, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "या आणि बघा," म्हटलं. आणि नेमकी देशासाठी, पावसासाठी प्रार्थना करायची जबाबदारी चर्चच्या पाळकसाहेबांनी माझ्यावर टाकली. चार वेळा लिहून काढली, मग टाइप केली. ‘राष्ट्राची सर्वांगीण उन्नती’ होती तिच्यात, ‘पर्जन्यवृष्टी’ होती. मायला हट्टानं बोलावलं. एकदा बघून तर जा, म्हटलं. ती आली, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत जायचं कबूल करून घेऊनच.

झेंड्याला सलामी झाली, राष्ट्रगीत झालं. माय सतरंजीवर सगळ्यात पुढं जाऊन बसली, कारण गावात म्हाताऱ्या पुढंच बसतात. मी कागद धरून उभा राहिलो. "हे सर्वसमर्थ पित्या, आज आम्ही तुझ्यासमोर नम्र झालो आहोत."

"हाव बापा," माय मोठ्यानं म्हणाली.

तुम्हाला माहीत आहे, गावात प्रार्थना एकट्याची नसते. एकानं वाक्य म्हणायचं, बाकीच्यांनी हाव, म्हणजे होय, म्हणायचं. लातूरला मात्र सगळे मान खाली घालून आमेनपर्यंत गप्प. हे मायला सांगायचं मीच विसरलो होतो. पोरं खुसखुसली, माणसं वळून बघायला लागली, माझे कान तापले. मी घाईनं राष्ट्राच्या उन्नतीवर गेलो. माय गप्प. पर्जन्यवृष्टी झाली, तरी गप्प. वाटलं, समजलं तिला. हळूच एक डोळा उघडून बघितलं तर ती मान पुढं काढून ऐकत होती, कुठं हाव म्हणावं ते शोधत होती. तिला एक शब्द कळत नव्हता.

मला माझीच लाज वाटली. जिच्या घागरीत पाणी नाही तिलाच कळू नये असा पाऊस मी मागत होतो. देवाकडं पाणी मागायचं आणि गावची बोली झाकायची, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचं.

कागद खिशात घातला. "बापा, दोन सालं झाली, पाऊस न्हाई."

"हाव बापा."

"निलंग्याकडं हिरी आटल्यात. बाया टँकरच्या रांगंत उभ्या हायत. आमच्या आळीतल्या हायत, पाटलाच्या वाड्यातल्या बी हायत. ह्योच आमचा देश हाय बापा, त्याला पाणी दे."

"हाव बापा." पण या खेपेला मायच्या आवाजात मागून एक जाडा आवाज मिसळला. ते ‘लई’ सुधारणारे गुरुजी होते. मूळचे कंधारकडचे, हे मला त्या दिवशी कळलं. मग उदगीरच्या एक नर्सबाई बोलल्या, मग देगलूरचं एक घर. इस्त्रीच्या शर्टांतली ती सगळी माणसं कुठल्या ना कुठल्या कोरड्या गावातून आलेली. शेवटी अख्खं मैदान हाव म्हणत होतं. भाऊसाहेबांना पद्धत माहीत नव्हती, ते नुसतंच "हाव, हाव" म्हणत होते. त्या दिवशी माझी छाती जेवढी फुगली तेवढी पुढं प्रमोशनलाही फुगली नाही.

पाऊस लगेच आला नाही. तो त्याच्या सवडीनं आला.

सकाळी मी गाडीसाठी मायची पिशवी उचलली, तर ती चूल पेटवत म्हणाली, "ठिव ती खाली. बुधवारी बायांची प्रार्थना हाय. गुरुजींच्या मालकिणीनं मला फुडं बसायला सांगितलंय."

"आन् गाव?" मी विचारलं.

"निम्मं गाव तर कालच भेटलं की."

माय आता लातूरच्याच मातीत आहे. तुम्ही विचारता, परत कधी येणार. येईन, पण पाहुणा म्हणून येईन. नोकरी माझी होती, पण हे घर मायनं पसंत केलंय.