हरणाला दिसतं ते

मैत्रिणीच्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा मला खरंच आनंद झाला, आणि त्याच क्षणी मी सबब शोधायला लागले. लग्नाचं काही नव्हतं. लांब बाह्यांचं ब्लाउज, हातांवर क्रीम, फोटोत मागची रांग, हे सगळं मला जमतं. अडचण चुड्याची होती.

“अगं, नेक्स्ट सॅटरडेला ईलिंगला घरीच चुडा भरतोय, जस्ट दहा-बारा बायका. वेंबलीहून बांगडीवाल्या बाई येणारेत,” ती फोनवर म्हणाली. “ऑन-कॉल आहे वगैरे सांगू नकोस हं.”

“रोटा बघून सांगते,” मी म्हटलं. ड्युट्यांचा तो तक्ता समोर फ्रिजवरच लावलेला होता आणि तो शनिवार रिकामा होता.

माझ्या हातांवर कोड आहे, बोटांपासून कोपरापर्यंत. अकरावीत असताना फुटलं. आईने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही, जणू मीच काहीतरी करून बसले होते. त्याच वर्षी मावसबहिणीचा चुडा होता. कासारीण एकेकीचा हात हातात घेऊन, साबण लावून, दाबून दाबून बांगड्या चढवत होती. माझी पाळी आली तेव्हा एक काकू म्हणाली, “तिला राहू दे. तिच्या कागदात बांधून दे.” कासारणीने अंदाजानेच डझनभर बांगड्यांची पुडी बांधली आणि माझ्या मांडीवर ठेवली. ती पुडी मी कधी सोडली नाही. काकू वारली तेव्हा मी भेटायला गेले नाही, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

पुढे मी त्वचेचीच डॉक्टर झाले. लोकांना यात जिद्द दिसते. मला विचाराल तर तो नुसता हट्ट होता. आज तेवीस वर्षं मी इंग्लंडात, लंडनजवळ ब्रॅकनेलला एकटी राहते आणि स्लाऊच्या दवाखान्यात काम करते. दवाखान्यात कोपराखाली हात उघडे ठेवायचा नियम आहे. त्यामुळे रोज सकाळी अर्धा तास दोन्ही हातांना कातडीच्या रंगाचं क्रीम लावायचं, वर पावडर दाबायची. हात सारखे धुवावे लागतात, मग मधल्या वेळात बाथरूमची कडी लावून पुन्हा लावायचं. कुणी विचारलं नाही म्हणजे कुणाला कळलं नाही, असं मी धरून चालले होते.

चुड्याच्या साबणापुढे ते क्रीम टिकलं नसतं.

त्याच आठवड्यात एक म्हातारा पेशंट आला. सत्तरी ओलांडलेला, उंच, मनगटाजवळ काही तरी फिकट दिसतंय म्हणणारा. गोऱ्या कातडीवर पांढरे डाग साध्या उजेडात नीट दिसत नाहीत. त्यासाठी आमच्याकडे एक हातात धरायचा जांभळा दिवा असतो. खोलीत अंधार करून तो धरला की कोडाचा डाग निळसर पांढरा उजळतो. मी अंधार केला, दिवा धरला. त्याच्या मनगटावर दोन डाग स्वच्छ उजळले. पण त्याहून जास्त उजळलं ते त्याचं जाकीट. शेवाळी रंगाचं जुनं जाकीट गळ्यापासून कमरेपर्यंत निळंपांढरं पेटलं होतं.

मी त्याला समजुतीच्या आवाजात सांगितलं की हे कोड आहे, याने जिवाला धोका नाही, पण पसरू शकतं. माझ्या घरात ज्या शब्दाने चूल बंद पडली होती तो शब्द त्याने ऐकला, मान डोलावली आणि म्हणाला, “बरं. पण डॉक्टर, माझ्या जाकिटाला काय झालंय?”

तो जंगलातल्या हरणांची संख्या आटोक्यात ठेवणारा शिकारी होता. गेल्या हिवाळ्यापासून त्याला हरीण जवळून दिसलंच नव्हतं. लांबूनच माना वर करायची आणि पसार व्हायची. त्याला वाटलं, आपलं वय झालं. “हरणांना आम्हा शिकाऱ्यांचा नारंगी रंगसुद्धा धड कळत नाही,” तो म्हणाला, “पण तुमच्या या दिव्यातला जो उजेड आपल्याला दिसत नाही, तो त्यांना दिसतो.” कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे घालतात, ते त्या उजेडात चमकतं. बायको होती तोवर ती त्याचे कपडे साध्या साबणाने धुवायची. आता मुलगी धुते, सुगंधी पावडरीने. “म्हणजे वर्षभर मी जंगलात कंदिलासारखा बसत होतो!” तो खो खो हसला. मग टोपी, हातमोजे, मफलर एकेक करून दिव्याखाली धरायला लावलं. मीही हसले. दवाखान्यात शेवटचं कधी हसले होते, आठवत नाही. स्वतःच्या मनगटाबद्दल त्याने एक प्रश्न विचारला नाही. जाताना त्याने मला ब्रॅकनेलजवळच्या रानातला एक बाक सांगितला. “नुसतं बघायला जा. सकाळी. आणि वासाचं काही लावू नका. डोळ्यांआधी त्यांचं नाक जागं असतं.”

त्या संध्याकाळी दिवा पिशवीत घालून मी घरी आणला. बाथरूममध्ये अंधार करून माझ्या हिरव्या कोटावर धरला. तोही पेटला. मग हात साबणाने धुतले आणि दिवा हातांवर धरला. हजारो लोकांच्या अंगावर तो दिवा धरला असेल मी, स्वतःच्या कधीच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. माझे डाग बोटांच्या टोकांपर्यंत लख्ख उजळले. मी आईला हाक मारली असती, पण ती नव्हती. मग टबाच्या कडेवर बसून रडले.

कोट साध्या साबणाने धुतला, पाच पाण्यांतून काढला. रविवारी सकाळी निघताना सवयीने क्रीमची डबी उघडली आणि नाकाशी नेली. वास होता. डबी बंद केली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी हातांना काही न लावता दाराबाहेर पडले, तेही हरणांसाठी. हातमोजे मात्र घातलेच.

बाकावर तासभर कुणी आलं नाही. थंडीने बोटं आखडली. थर्मासचं झाकण निघेना म्हणून हातमोजा काढला, आणि मान वर केली तर समोर, वीसेक पावलांवर, एक मादी उभी होती. ती माझ्या हाताकडे बघत होती. दुसरीकडे बघत असेलही, पण मला तसंच वाटलं. लपवायला हात हलवला असता तर ती पळाली असती, म्हणून मी तो तसाच गुडघ्यावर राहू दिला. मला माहीत होतं, तो हात तिला माणसांना दिसतो त्याहून उजळ दिसत असणार. तिने बराच वेळ बघितलं. मग मान खाली घातली आणि पुन्हा पाला खायला लागली.

तिला काय वाटलं, मला सांगता येणार नाही. बहुधा काहीच नाही.

खिशात फोन थरथरला आणि ती झाडीत गेली. मैत्रिणीचा मेसेज होता: ‘येत्येस ना? प्लीज कम.’

‘सॉरी, ऑन-कॉल’ इतकं माझ्या अंगठ्याने आपसूक लिहिलंसुद्धा. मी ते पुसलं. ‘येते. पण माझ्या हातांवर कोड आहे. त्या बाईंना आधी सांग.’ हे पाठवलं आणि फोन बाकावर पालथा ठेवला. चहा ओतला, तो प्यायलाच नाही. दहा मिनिटांनी फोन उलटला.

‘बरं. त्यांना हिरव्या बांगड्या मोजून आणायच्यात. तुझं माप सांग, दोन-चार की दोन-सहा?’

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. मला माझं माप माहीत नव्हतं. बावन्न वर्षांची झाले, पण माझा हात हातात घेऊन कुणी ते बघितलंच नव्हतं.